४,२९,४९,६७,२९७ : एका फर्मा संख्येविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळकरी विद्यार्थ्यांपासून प्रोग्राम लिहिणाऱ्या अभियंत्यांपर्यंत अनेक जण या दहा अंकी संख्येविषयी प्रश्न पाठवत असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. घात दाखवण्यासाठी ^ हे चिन्ह वापरले आहे, म्हणजे २^५ = ३२. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही संख्या कशी वाचायची आणि ती येते कोठून?

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ ही संख्या ३२ वेळा घेऊन गुणाकार केल्यास ४,२९,४९,६७,२९६ मिळतात आणि त्यांत १ मिळवला की आपली संख्या तयार होते. थोडक्यात ती २^३२ + १ आहे. तिचे बहुतेक सर्व गुणधर्म या एकाच गोष्टीतून निघतात, हे पुढील उत्तरांत दिसेल.

२. तिला कोणी पाचवी फर्मा संख्या म्हणते, कोणी सहावी. बरोबर काय?

फर्मा संख्यांचे रूप २^(२^n) + १ असे असते आणि n ची मोजणी शून्यापासून सुरू होते. n = ०, १, २, ३, ४ घेतल्यास अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. n = ५ घेतल्यास ४,२९,४९,६७,२९७ मिळते. ओळीत ती सहावी असली तरी तिचा क्रमांक ५ आहे, म्हणून गणिताच्या लेखनात तिला पाचवी म्हणतात किंवा फ५ असे लिहितात. येथेही फ०, फ१, … फ५ अशीच चिन्हे वापरली आहेत.

३. फर्मा यांचे नेमके म्हणणे काय होते?

२^m + १ ही संख्या मूळ असायची असेल, तर m ला १ पेक्षा मोठा विषम विभाजक असून चालत नाही. उदाहरणार्थ, ६ ला ३ ने भाग जातो, म्हणून २^६ + १ = ६५ ला २^२ + १ = ५ ने भाग जातो. त्यामुळे m हा २ चा घात असावाच लागतो. याचा व्यत्यास खरा आहे का, म्हणजे m हा २ चा घात असला की २^m + १ दरवेळी मूळ असते का, हा पुढचा प्रश्न. फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायाधीश आणि गणिती पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये पत्रांतून आपला विश्वास कळवला की अशा सर्व संख्या मूळ आहेत. पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत.

फर्मा यांची या बाबतीत जी थट्टा होते, ती थोडी अन्यायाची वाटते. १६४० च्या पत्रात त्यांनी स्पष्ट म्हटले होते की आपल्याकडे पूर्ण सिद्धता नाही. मात्र एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. त्याच वर्षी त्यांनी २^३७ − १ या कितीतरी मोठ्या संख्येचा २२३ हा विभाजक शोधला होता, आणि तोही विभाजकांच्या रूपावरून. तीच रीत फ५ ला लावली असती, तर चार-पाच भागाकारांत उत्तर हाती आले असते (प्रश्न ६ पाहा).

४. मग ही संख्या मूळ नाही, हे कोणी दाखवले?

लिओनार्ड ऑयलर यांनी, १७३२ मध्ये, सेंट पीटर्सबर्ग येथे. त्यामागे क्रिस्टियन गोल्डबाख यांचे एक पत्र होते. डिसेंबर १७२९ मध्ये त्यांनी ऑयलर यांना विचारले होते की फर्मा यांचे हे निरीक्षण तुम्हाला माहीत आहे काय. ऑयलर यांना सुरुवातीला त्यात फारसा रस वाटला नाही, पण पुढे त्यांनी दाखवले की

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

५. भागाकार न करता ६४१ ने भाग जातो, हे दाखवता येते का?

येते, आणि ही सिद्धता पाठ असावी इतकी नेटकी आहे. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते: ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ (६२५ + १६).

पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागल्यास ५ × २^७ ची बाकी −१ येते (म्हणजे तिच्यात १ मिळवला की निःशेष भाग जातो). दोन्हींचा चौथा घात घेतल्यास ५^४ × २^२८ ची बाकी १ येते. दुसऱ्या रूपावरून ५^४ च्या जागी −२^४ घेता येते, कारण त्या दोहोंतील फरक ६४१ च आहे. म्हणून −२^४ × २^२८, म्हणजेच −२^३२, याची बाकी १ आहे. याचा अर्थ २^३२ ची बाकी −१ आहे आणि २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

ही सिद्धता ६४१ माहीत झाल्यानंतरची आहे. ६४१ मुळात सापडावे कसे, याचे उत्तर पुढील प्रश्नात आहे.

६. ६४१ च्या आधी ११५ मूळ संख्या आहेत. त्या सर्वांनी भागून पाहावे लागते का?

नाही. समजा p या मूळ संख्येने फ५ ला भाग जातो. मग p ने भागल्यास २^३२ ची बाकी −१ येते आणि तिचा वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १ येते. ज्या घातांकांवर बाकी १ येते, त्यांत ६४ हा सर्वांत लहान असतो. याचे कारण असे की तो सर्वांत लहान घातांक ६४ चा विभाजक असावाच लागतो आणि ६४ चा त्याहून लहान कोणताही विभाजक ३२ लाही भागतो. तसे असते तर २^३२ ची बाकीही १ आली असती. फर्मा यांच्याच लघुप्रमेयानुसार २^(p−१) ची बाकी १ असते, म्हणून p − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

म्हणजे उमेदवार ६४k + १ या रूपाचेच उरतात: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतील मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच आहेत. पाचव्या भागाकाराला विभाजक सापडतो. २५७ स्वतःच फर्मा संख्या असल्यामुळे ती वगळता येते (प्रश्न १३ पाहा), म्हणून खरे तर चौथ्याच.

१७३२ च्या लेखात ऑयलर यांनी आपली रीत सांगितलेली नाही; विभाजकांच्या या रूपाची सिद्धता त्यांनी पुढे प्रसिद्ध केली. १८७८ मध्ये एदुआर ल्युका यांनी ही अट आणखी कडक केली. त्यांच्यानुसार फ५ चा प्रत्येक मूळ विभाजक १२८k + १ या रूपाचा असतो. तसे पाहिल्यास ६४१ = १२८ × ५ + १ आणि ६७,००,४१७ = १२८ × ५२,३४७ + १. ल्युका यांची अट वापरून २५७ वगळली, तर ६४१ हा पहिलाच उमेदवार ठरतो.

७. ६७,००,४१७ ही संख्या तरी मूळ आहे का?

होय. तिचे वर्गमूळ २,५८८ च्या किंचित वर आहे, म्हणून तिला २,५८८ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग जातो का, एवढेच पाहावे लागते. त्यातही तिचा कोणताही मूळ विभाजक फ५ चाही विभाजक असणार, म्हणून १२८k + १ ही अट येथेही लागू होते. त्या मर्यादेत अशा मूळ संख्या केवळ पाच आहेत. त्यांनी भागल्यास येणाऱ्या बाक्या अशा: २५७ ने १७०, ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, १,१५३ ने ३३४ आणि १,४०९ ने ६२२. एकदाही बाकी शून्य येत नाही. पाच भागाकारांत सात अंकी संख्या मूळ ठरवणारी ही सिद्धता कागद-पेन्सिल घेऊन पंधरा मिनिटांत होते. वर्गात हे जरूर करून घ्यावे.

८. तिचे एकूण विभाजक किती? ती परिपूर्ण संख्या आहे का?

विभाजक चारच आहेत: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती संख्या स्वतः. स्वतःला सोडून इतर विभाजकांची बेरीज ६७,०१,०५९ होते. परिपूर्ण संख्येत ही बेरीज त्या संख्येइतकीच असते; येथे ती आपल्या संख्येच्या मानाने अगदीच तोकडी असल्याने परिपूर्ण असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) संख्यांची गणना, म्हणजे ऑयलर यांचे फाय फल, ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४० आहे.

९. तिला दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात किती प्रकारे लिहिता येते?

नेमक्या दोन प्रकारे. पहिला उघड आहे, कारण २^३२ हा ६५,५३६ चा वर्ग आहे:

६५,५३६^२ + १^२

दुसरा मात्र सहज दिसणारा नाही:

६२,२६४^२ + २०,४४९^२

४k + १ या रूपाची प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे लिहिता येते. येथे ६४१ = २५^२ + ४^२ आणि ६७,००,४१७ = २,५५६^२ + ४०९^२. अशा दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीजच होतो, आणि तोही दोन प्रकारे. ब्रह्मगुप्तांनी सातव्या शतकात मांडलेल्या भावना सूत्राचेच हे एक रूप आहे. २५ × २,५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६ यांची बेरीज ६५,५३६ आणि वजाबाकी ६२,२६४ येते. ४ × २,५५६ = १०,२२४ आणि २५ × ४०९ = १०,२२५ यांची वजाबाकी १ आणि बेरीज २०,४४९ येते. शिवाय २०,४४९ हा १४३ चा वर्ग आहे. हा मात्र निव्वळ योगायोग.

१०. याच्या उलट, या दोन रूपांवरून ६४१ काढता येईल का?

येईल. ही रीतही ऑयलर यांनीच विकसित केली. ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८ यांचा मसावि ८ आहे. ६५,५३६ + ६२,२६४ = १,२७,८०० आणि २०,४४९ + १ = २०,४५० यांचा मसावि ५० आहे. दोन्ही मसावि निम्मे केल्यास ४ आणि २५ मिळतात, आणि ४^२ + २५^२ = ६४१. अडचण एवढीच की दुसरे रूप आधी सापडायला हवे, आणि ते शोधणे ६४१ शोधण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे आहे.

११. माझ्या प्रोग्रामने २ हा पाया घेऊन फर्मा कसोटी लावली आणि ही संख्या मूळ आहे असे उत्तर आले. प्रोग्राममध्ये चूक आहे का?

प्रोग्राम बरोबर आहे. येथे कसोटीच अपुरी पडते. N मूळ असेल तर २^(N−१) ला N ने भागल्यास बाकी १ येते, हे खरे. याचा व्यत्यास मात्र खरा नाही. आपल्या संख्येने भागल्यास २^३२ ची बाकी −१ आणि म्हणून २^६४ ची बाकी १ येते. N − १ म्हणजे २^३२ असून त्याला ६४ ने भाग जातो, म्हणून २^(N−१) ची बाकीही १ च येणार. ज्या संयुक्त संख्या अशी फसवणूक करतात त्यांना आभासी मूळ संख्या म्हणतात. २ या पायासाठी प्रत्येक संयुक्त फर्मा संख्या अशीच आहे. २ पाया घेतलेली मिलर-राबिन कसोटीसुद्धा (फर्मा कसोटीचेच अधिक कडक रूप) येथे फसते, कारण बाकी −१ आली की ती कसोटी संख्येला उत्तीर्ण ठरवते. फर्मा संख्यांसाठी २ हा पाया कधीही वापरू नये.

१२. मग कोणता पाया घ्यावा?

३. ३ चा ३२ वेळा लागोपाठ वर्ग करत जावे आणि प्रत्येक वेळी ४,२९,४९,६७,२९७ ने भागून फक्त बाकी ठेवावी. शेवटी जे मिळते ती ३^(N−१) ची बाकी. संख्या मूळ असती तर ही बाकी १ आली असती. प्रत्यक्षात ती ३,०२,९०,२६,१६० येते. फर्मा यांच्याकडे यासाठी लागणारे सर्व साहित्य होते, कारण लघुप्रमेयही त्यांनी १६४० मध्येच कळवले होते. दहा अंकी संख्यांचे ३२ वर्ग आणि तेवढेच भागाकार करण्याची चिकाटी एवढेच काय ते लागले असते.

थेओफिल पेपँ यांनी १८७७ मध्ये मांडलेल्या कसोटीत एक वर्ग कमी करावा लागतो. आज ती कसोटी बहुधा ३ हाच पाया घेऊन वापरतात. n किमान १ असेल, तर फर्मा संख्या मूळ असण्यासाठी ३^((N−१)/२) ची बाकी −१ असणे आवश्यक असते आणि पुरेसेही. आपल्या संख्येसाठी ही बाकी १,०३,२४,३०३ आहे. या कसोटीची एक मर्यादा लक्षात ठेवावी: संख्या संयुक्त आहे एवढेच ती सांगते, विभाजक देत नाही. त्याचे परिणाम प्रश्न १४ मध्ये दिसतील.

१३. ६४१ ने आणखी एखाद्या फर्मा संख्येला भाग जातो का?

जात नाही. कोणत्याही फर्मा संख्येतून २ वजा केल्यास तिच्या आधीच्या सर्व फर्मा संख्यांचा गुणाकार मिळतो. येथे ४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७. यावरून, फ५ नंतरच्या कोणत्याही फर्मा संख्येला ६४१ ने भागल्यास बाकी २ उरते. फ५ च्या आधीच्या एखाद्या संख्येला ६४१ ने भाग गेला असता, तर फ५ आणि फ५ − २ या दोहोंना, म्हणून २ लाही, भाग गेला असता, आणि ते अशक्य आहे. कोणत्याही दोन फर्मा संख्या अशा सहमूळच असतात. मूळ संख्या अनंत आहेत याची एक सुबक सिद्धता गोल्डबाख यांनी यावरूनच दिली.

१४. फ५ नंतरची एखादी फर्मा संख्या मूळ निघाली आहे का?

आजवर एकही नाही. फ५ ते फ३२ या सर्व संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे आणि फ३३ विषयी अजून निर्णय झालेला नाही. फ६ चे २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ असे दोन मूळ अवयव आहेत. पूर्ण अवयव फ५ ते फ११ यांचेच माहीत आहेत. फ२० आणि फ२४ यांची स्थिती विशेष आहे: त्या संयुक्त आहेत हे निश्चित, पण त्यांचा एकही विभाजक कोणाला सापडलेला नाही.

१५. एका लहान मुलाने तोंडी गणिताने हे अवयव सांगितले होते, ही गोष्ट खरी का?

हा मुलगा म्हणजे १८०४ मध्ये अमेरिकेतील व्हर्माँट येथे जन्मलेला झेरा कोलबर्न. १८१२ मध्ये लंडनमध्ये झालेल्या त्याच्या प्रयोगांच्या वृत्तांतात, ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने भाग जातो हे त्याने मनातल्या मनात ओळखले, अशी नोंद आहे.

१६. ४,२९,४९,६७,२९७ भुजांची सुसम बहुभुजाकृती पट्टी आणि कंपासने काढता येते का?

येत नाही. गाउस यांनी १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सुसम सतराभुजाकृती काढता येते हे दाखवले. १८०१ मध्ये त्यांनी सामान्य नियम दिला आणि १८३७ मध्ये पिएर वांत्सेल यांनी त्याची दुसरी बाजू सिद्ध केली. भुजांची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. फ५ फर्मा संख्या आहे, पण मूळ नाही. आणि तिचे अवयव मूळ आहेत, पण फर्मा संख्या नाहीत. दोन्हीकडून वाट बंद आहे.

गंमत अशी की दोन भुजा कमी केल्या तर उत्तर बदलते. प्रश्न १३ मधील गुणाकारात माहीत असलेल्या पाचही मूळ फर्मा संख्या येतात, म्हणून ४,२९,४९,६७,२९५ भुजांची सुसम आकृती तत्त्वतः काढता येते. काढता येण्याजोग्या, विषम भुजासंख्येच्या ज्ञात आकृत्यांत ही सर्वांत मोठी आहे.

१७. संगणकावर २^३२ + १ चे उत्तर १ का आले?

३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात ० पासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच्याच संख्या मावतात. द्विमान पद्धतीत आपली संख्या म्हणजे १, त्यानंतर ३१ शून्ये आणि शेवटी पुन्हा १, असे एकूण ३३ अंक. सर्वांत डावीकडचा अंक गळून पडला की उरतो १. ६४ बिटांचा पूर्णांक वापरल्यास हा प्रश्न येत नाही.

१८. ही हर्षद संख्या आहे का? स्वयंभू संख्या आहे का?

दोन्ही नाही. नाशिकजवळच्या देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी या दोन्ही संकल्पना मांडल्या. ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ५९ आहे आणि ५९ ने तिला भाग जात नाही. प्रश्न ८ मधील चार विभाजक पाहिल्यावर हे लगेच कळते. जी संख्या 'एखादी संख्या अधिक तिच्याच अंकांची बेरीज' अशी तयार होऊ शकत नाही ती स्वयंभू. आपल्या संख्येला मात्र जनक आहे: ४,२९,४९,६७,२४५ च्या अंकांची बेरीज ५२ आणि ४,२९,४९,६७,२४५ + ५२ = ४,२९,४९,६७,२९७. हा तिचा एकमेव जनक आहे. अर्थात हे गुणधर्म दशमान लेखनाचे आहेत, संख्येच्या अवयवांशी त्यांचा फारसा संबंध नाही.

१९. तिला दोन मूळ संख्यांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते का?

नाही. गोल्डबाख यांच्या नावाने ओळखले जाणारे अनुमान सम संख्यांविषयी आहे आणि ही संख्या विषम आहे. विषम बेरजेसाठी दोहोंपैकी एक मूळ संख्या सम, म्हणजे २ असावी लागते. मग दुसरी ४,२९,४९,६७,२९५ असायला हवी, पण प्रश्न १३ मध्ये पाहिल्याप्रमाणे तिला ३ नेही भाग जातो आणि ५ नेही. तीन मूळ संख्या घेण्याची मुभा असेल तर मात्र काम सोपे आहे. २^३२ पेक्षा लहान असलेल्या मूळ संख्यांत सर्वांत मोठी ४,२९,४९,६७,२९१ ही आहे. तिच्यात ३ आणि पुन्हा ३ मिळवावे.